बालकुमार कथांमधली घरी शिकणारी मुलं : एक तर बृहस्पती, नाही तर बिचारी?

तापीकाठ

बालकुमारांच्या गोष्टींत हल्ली घरी शिकणारं मूल अधूनमधून दिसायला लागलंय. पण ते दिसतं दोनच साच्यांत. पहिला बृहस्पतीचा. नऊ वर्षांचं कार्टं सतराचा पाढा उलटा म्हणतं, पीव्हीसी पाइपातून दुर्बीण बनवतं आणि शाळेतल्या पोरांना अक्कल शिकवून जातं. दुसरा बिचाऱ्याचा. खिडकीत बसून शाळेची घंटा ऐकायची, मित्र शून्य, आणि शेवटच्या पानावर नवं दप्तर मिळालं की डोळ्यांत पाणी.

माझे प्रश्न दोन. साधं, मधल्या वकुबाचं, कंटाळणारं, चिडकं, घरी शिकणारं मूल असलेली पुस्तकं कुठली? आणि आपल्या जळगाव-धुळे-नंदुरबारकडची अशी गोष्ट लिहायची तर कुठे कुठे माती खाल्ली जाते? वाचक नऊ ते तेरा वयाचा धरा.

होमस्कूलिंग चांगलं की वाईट हा वाद इथे नको. त्यासाठी जुने धागे पेटलेलेच आहेत, तिकडे जाऊन शेका.

मेहरूणची बोरं

तोत्तोचान!

खापरावरचा मांडा

आली! पहिल्याच प्रतिसादात आली! पैज लावणाऱ्यांनी हिशेब चुकते करावेत.

बोरंताई, तोमोई ही शाळा होती हो. आगगाडीच्या डब्यांत भरत असेल, पण मुख्याध्यापक होते, वर्ग होते, जेवणाचे डबेसुद्धा तपासले जायचे. घरी कुठे शिकली ती?

मेहरूणची बोरं

बरं बाबा. पहिल्या शाळेतून काढलं होतं ना, तेवढं धरा.

गिरणाकाठ

साचे दोन वाटत असले तरी माझ्या मते एकच आहे. गोष्ट शाळेच्या दारातच सुरू होते.

‘वंडर’ (२०१२) घ्या. ऑगस्टच्या चेहऱ्यावर २७ शस्त्रक्रिया झालेल्या, म्हणून तो दहा वर्षांचा होईतो आईकडे शिकतो. आई कसं शिकवायची, कुठे अडायची, याला पुस्तकात जागा जेमतेम. कारण पुस्तकाला रस आहे तो पाचवीला त्याचं नाव घालायचं ठरतं तिथपासून. ‘स्कूल्ड’ (२००७) मधला कॅप आजीबरोबर शेतावर वाढलेला. आजी झाडावरून पडते, खुबा मोडतो आणि पोराची रवानगी शाळेत. ‘स्टारगर्ल’ (२०००) मधली पोरगी तर युकुलेले आणि पाळलेला उंदीर घेऊन थेट दहावीत अवतरते. तिन्ही ठिकाणी घरचं शिक्षण म्हणजे पूर्वपीठिका. लेखकाला शाळा विचित्र दिसेल असा बाहेरचा डोळा हवा असतो, आणि घरी शिकणं हे त्यासाठी आयतं मिळालेलं कारण. एकदा का हे कारण वापरलं, की मूल शाळेतल्या पोरांपेक्षा वेगळं दिसलंच पाहिजे. मग एक तर वर, नाही तर खाली.

उलटा प्रवास हवा असेल तर ‘सर्व्हायव्हिंग द ॲपलव्हाइट्स’ (२००२) वाचा. तिथे शाळांनी हाकललेला जेक एका कलावंत कुटुंबाच्या घरच्या शाळेत येऊन पडतो. सगळं घर विस्कळीत. पण त्याच घरातल्या ई. डी. नावाच्या मुलीला वेळापत्रक हवंय, झालेल्या कामापुढे खूण करायला यादी हवीय! घरी शिकणारं मूल म्हणजे रानवारा, हे गृहीतकच ती मोडते. तापीकाठ, तुमच्या पहिल्या प्रश्नाला माझ्याकडून ई. डी.

रेवा

गिरणाकाठ, छान. फक्त त्या यादीत सगळ्यांत जुनी आणि मराठी वाचकांनी शांताबाईंच्या ‘चौघीजणी’तून घरोघरी वाचलेली राहिली. ‘लिटल विमेन’, १८६८. बेथ लाजाळू, शाळा झेपत नाही, म्हणून वडिलांकडे घरी शिकते. वडील युद्धावर गेल्यावर एकटीच अभ्यास पुढे रेटते. कुणी तिला विद्वान करत नाही, कुणी तिच्यावर हळहळत नाही (त्या बाबतीत तरी).

आणि ॲमीचं मुरवलेल्या लिंबांचं प्रकरण आठवा. वर्गात लिंबं आणायला बंदी. मास्तर तिला दोन-दोन करून लिंबं खिडकीबाहेर फेकायला लावतात, तळहातावर मारतात, वर सगळ्यांसमोर उभं करतात. आई तिची शाळा बंद करते, बेथबरोबर घरी अभ्यास कर म्हणते. पण त्याच बैठकीत हेही सुनावते की नियम तू मोडलास, शिक्षा तुला मिळायलाच हवी होती, फक्त ही पद्धत मला पटत नाही. शाळा वाईट म्हणून मूल घरी, इतकं सरळ गणित नाही. आपल्याकडच्या गोष्टीत तो मास्तर राक्षस झाला असता आणि ॲमी संत.

खापरावरचा मांडा

बेथ बिचारी नाही? पुढे काय होतं तिचं ते विसरलात का?

रेवा

ते तापामुळे, अभ्यासामुळे नाही!

अक्राणीचे गुरुजी

मंडळी, थोडा विरोधी सूर लावतो.

आमच्या भागात दिवाळी झाली की कुटुंबंच्या कुटुंबं ऊसतोडीला उतरतात. कुणी गुजरातेत, कुणी पश्चिम महाराष्ट्रात. पोरं बरोबर जातात आणि उन्हाळ्याच्या तोंडाला परत येतात. या मुलाच्या हातात ‘किशोर’चा अंक पडतो, तो वर्गातल्या कपाटातून. त्यात ‘शाळा नसली की किती मजा’ अशी गोष्ट असेल तर तो काय समजेल? त्याच्यासाठी शाळा नसणं म्हणजे फडावर धाकट्या भावाला सांभाळणं. तुम्ही बृहस्पती आणि बिचारा म्हणालात. तिसरा आमचा ‘शाळाबाह्य’. लेखकांच्या लेखी तो आणि घरी शिकणारा एकाच माळेचे मणी असतात, आणि खरी गडबड तिथे आहे.

चोपडेकर

गुरुजी, आदर ठेवून सांगतो, गोष्ट म्हणजे शासन निर्णय नव्हे. प्रत्येक वाचकाला लागू पडलीच पाहिजे अशी अट घातली तर राजाराणीच्या गोष्टीही बंद कराव्या लागतील. राजवाडे कितीकांचे आहेत?

अक्राणीचे गुरुजी

चोपडेकर भाऊ, बंद करा कुठे म्हणालो? राजा बघून कुणी राज्य सोडायला निघत नाही, शाळा मात्र खरंच सुटते. माझं म्हणणं कारागिरीचं आहे. शिकवतं कोण, कधी, आणि त्या वेळात घरची कमाई कोण करतं, हे पहिल्या दोन पानांत दिसलं पाहिजे. सांगायचं नाही, दिसलं पाहिजे. आई सकाळी शिलाई मशीनवर ब्लाऊजचे हुक लावता लावता शुद्धलेखन सांगते, एवढ्या एका वाक्यात फरक कळतो. फडावरच्या पोराला शुद्धलेखन सांगायला कुणी मोकळं नसतं.

दुसरं. अमेरिकन गोष्टी वाचून आपले लेखक दारात अधिकारी आणतात, दम देणारा, मुलाला घेऊन जाणारा. आपल्याकडे दारात कोण येईल? शाळाबाह्य मुलांच्या सर्वेक्षणाची यादी घेतलेला आमच्यासारखा एखादा मास्तर. तो खाटेवर टेकेल, पाणी मागेल, मुलाचं नाव, वय, आधार विचारेल आणि ‘उद्यापासून पाठवा बरं का’ म्हणेल. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याच्या कलम १० मध्ये ६ ते १४ वयाच्या मुलाला शाळेत घालणं हे पालकांचं कर्तव्य म्हटलंय, पण त्यापुढे पालकांना दंड किंवा शिक्षा लिहिलेली नाही. म्हणून तुरुंगाची भीती घालणारं पान फाडून टाका. खरा ताण वेगळा आहे. मास्तरला आकडा शून्य करायचा असतो आणि मुलाला त्याच्या यादीत बसायचं नसतं. दोघंही भले. अशा प्रसंगात खलनायक लागतच नाही.

आणि हो, दहा वर्षांच्या घोडमुलाला पहिलीत बसवल्याचा विनोदी प्रसंग कुणी लिहू नका. कलम ४ प्रमाणे वयानुरूप वर्गात थेट प्रवेश असतो, मागे राहिलेलं विशेष प्रशिक्षणात भरून काढायचं.

चोपडेकर

हे पटलं. फाडलं पान.

जिभाऊ यावल

परीक्षांबद्दल गोष्टींत जे छापून येतं ते वाचून हसू येतं. ‘चिन्मयने सातवीची परीक्षा बाहेरून दिली आणि जिल्ह्यात पहिला आला.’ कुठली परीक्षा? कुठला जिल्हा? असं काही नसतं रे भो!

लिहिणाऱ्यांनी एवढं लक्षात ठेवा. राज्य मंडळाची दहावी खासगी विद्यार्थी म्हणून द्यायची तर १७ नंबरचा फॉर्म, आपल्या तिन्ही जिल्ह्यांना विभागीय मंडळ नाशिकचं. पण तिथे शाळा सोडल्याचा दाखला मागतात. जे मूल शाळेची पायरीच चढलं नाही त्याच्याकडे तो असणार कुठून? म्हणून असं मूल बहुधा एनआयओएसकडे, म्हणजे राष्ट्रीय मुक्त शाळेकडे वळतं. तिथे ओबीई (मुक्त मूलभूत शिक्षण) नावाचे तीन स्तर, अ, ब, क : तिसरी, पाचवी आणि आठवीशी समकक्ष. दहावीसाठी किमान वय १४ पूर्ण, किमान पाच विषय, त्यात भाषा हवीच. मराठी माध्यम आहे. सार्वजनिक परीक्षा वर्षातून दोनदा, एप्रिल-मे आणि ऑक्टोबर-नोव्हेंबर. पाचही विषय एका दमात द्यायची सक्ती नाही, नोंदणी पाच वर्षं चालते आणि त्यात नऊ संधी.

कथेच्या दृष्टीने यातली मजेची गोष्ट कुठली? टीएमए. घरी लिहून द्यायचा स्वाध्याय, त्याला २० टक्के वजन. घरी शिकणाऱ्या मुलाचं घोडं नेमकं इथे अडतं. तोंडी सगळं येतं, कागदावर चार ओळी उतरत नाहीत. कारण रोज कुणी ‘लिहून दाखव’ म्हटलेलंच नसतं. बृहस्पती लिहिणाऱ्यांना ही फट दिसत नाही.

मेहरूणची बोरं

जिभाऊ, वाखुसा (वाचनखूण साठवली). मग मी पुन्हा एक नाव घेऊ? ‘श्यामची आई’. हसू नका कुणी. श्याम शाळेत जातो हे ठाऊक आहे, पण पुस्तकातलं सगळं शिक्षण घरातच तर होतं.

रेवा

बोरंताई, या वेळी नेम बरोबर लागलाय, फक्त भलत्याच जागी. साने गुरुजी अमळनेरच्या प्रताप हायस्कुलात शिक्षक होते, वसतिगृह सांभाळायचे. नाशिकच्या तुरुंगात १९३३ मध्ये पुस्तक लिहिलं. म्हणजे शाळेतल्या मास्तरनेच घरच्या शिक्षणाचं सगळ्यांत गाजलेलं मराठी पुस्तक लिहिलं.

पण त्याचा एक तोटा झालाय. मराठी गोष्टीत आई शिकवायला बसली रे बसली की तिची श्यामची आई होते. ती थकत नाही, वैतागत नाही, अपूर्णांकाचा भागाकार तिला कधी अडत नाही. खरं तर घरी शिकवण्यातला निम्मा विनोद तिथेच आहे. छेद उलटा करून गुणायचं हे आईला पाठ असतं, का ते ठाऊक नसतं, आणि नऊ वर्षांचं पोर नेमकं ‘का’ विचारतं. मग आई म्हणते, ‘आधी पोळी खा.’

खापरावरचा मांडा

हहपुवा (हसून हसून पुरेवाट). ‘आधी पोळी खा’ हे महाराष्ट्रातल्या निम्म्या प्रश्नांचं उत्तर आहे. खान्देशात ‘आधी भाकर खा’.

पानगळ

मला वाटतं खरी अडचण तांत्रिक आहे, आणि ती अजून कुणी बोललं नाही. बालकुमारांच्या गोष्टीत मोठी माणसं चौकटीबाहेर न्यावी लागतात, नाही तर साहस घडत नाही. शाळा हे काम फुकटात करते. पन्नास पोरं, दोन मोठे, मधली सुट्टी, घंटा. घरी शिकणाऱ्या मुलाच्या मागे मात्र आई किंवा बाप सदा उभा. लेखकाला सुचत नाही, म्हणून तो मुलाला तरी शाळेत ढकलतो किंवा आईला आजारी पाडतो.

याला उपाय घरच्या शिक्षणाच्या वेळापत्रकातच आहे. एकट्या मुलाला समोर बसवून शिकवलं तर नऊ-दहा वर्षांच्या पोराचं बैठं काम दीड-दोन तासांत उरकतं. हजेरी नाही, रांगा नाहीत, चाळीस वह्या तपासायच्या नाहीत. लेखक मात्र घरात फळा टांगतात, घंटा वाजवतात आणि अकरा ते पाच तास भरवतात. खोटं दिसतं. आपल्याकडे तर एप्रिल-मे मध्ये पारा पंचेचाळिशीला टेकतो, तेव्हा अभ्यास सकाळी सहा ते आठ आणि दुपारी सगळं घर पडद्याआड आडवं. उरलेला दिवस मोकळा, आणि त्या वेळी गावातली बाकी सगळी पोरं शाळेत! ही एकट्याची सकाळ कुठल्याच शाळकरी नायकाला मिळत नाही. अकरा वाजता पिठाच्या गिरणीत, रेशनच्या रांगेत, भुसावळच्या रेल्वे कॉलनीत, जळगावच्या व. वा. वाचनालयात किंवा धुळ्याला राजवाडे मंडळाच्या दारात एक पोर उभं आहे, आणि जो भेटेल तो एकच विचारतो : ‘काय रे, शाळा नाही का आज?’

एवढ्या एका प्रश्नावर आख्खं प्रकरण उभं राहतं. पोराकडे उत्तरांचा साठा तयार असतो. गिरणीवाल्याला ‘सुट्टी आहे’, ग्रंथपालबाईंना ‘मी घरी शिकतो’, आणि जास्त खोदणाऱ्या काकांना ‘पोट दुखतंय’. कुणाला काय सांगितलं हे लक्षात ठेवताना घोळ होतो. झालं कथानक.

गिरणाकाठ

पानगळ, हा धाग्यातला सर्वोत्तम प्रतिसाद. आणि सोबतीची पात्रं मोठ्या वयाची मिळतात, जी शाळेच्या गोष्टीत येतच नाहीत : गिरणीवाला, पंक्चरवाला, पोस्टातली बाई.

अक्राणीचे गुरुजी

पण मित्रांचं काय? एकटी सकाळ ठीक, संध्याकाळी पाचनंतर शाळेतली पोरं सुटतात तेव्हा तो त्यांच्यात कसा मिसळतो हे टाळू नका. वर्गात घडलेल्या गमती त्याला कळत नाहीत, बाईंची टोपणनावं ठाऊक नाहीत. गल्लीत क्रिकेट खेळताना अडत नाही, ओट्यावर गप्पा रंगल्या की अडतं. ते दाखवलंत तर बिचारा न करताही उणीव दिसते.

काळी कसदार

अभ्यासाचा प्रसंग कसा लिहायचा यावर कुणीच बोललं नाही. सगळ्या गोष्टींत ‘बाबांनी शेतात नेऊन गणित शिकवलं’ असं एक वाक्य असतं आणि पोराला झटकन येतं. झटकन आलं की बृहस्पती झालाच.

एक नमुना देतो, हवा त्याने वापरावा. मृगबागेची केळी, जून-जुलैची लागण, पाच बाय पाच फुटांवर. बाप विचारतो, एकरात किती रोपं सांगायची? एकर ४३,५६० चौरस फूट. एका रोपाला २५. भागाकार १,७४२. इथे लेखक टाळ्या वाजवतो आणि प्रसंग संपवतो. संपवू नका. पोराला एक गुंठा मोजायला लावा : ३३ फूट बाय ३३ फूट, म्हणजे १,०८९ चौरस फूट. भागिले २५, उत्तर ४३.५६. आता दोरी आणि खुंट्या घेऊन खरोखर आखायला सांगा. बांधालाच पहिली खुंटी ठोकली तर एका ओळीत ०, ५, १० करत ३० पर्यंत सात बसतात, सात ओळी, ४९ रोपं. बांधापासून पाच फूट सोडून सुरुवात केली तर एका ओळीत सहाच, एकूण ३६. कागद म्हणतो साडेत्रेचाळीस, जमीन म्हणते ४९ किंवा ३६. पोर रडकुंडीला येणार, बापालाही लगेच सांगता येणार नाही, आणि शेजारचा केळीवाला बांधावरून हसणार. कडेची जागा कोणाच्या हिशेबात धरायची हा खरा प्रश्न आहे, आणि शेत जितकं मोठं तितकी कडेची चूक छोटी होत जाते हे त्याला दुसऱ्या दिवशी चार गुंठे आखून कळू द्या. शिवाय ठिबकची मुख्य नळी आणि यायला-जायला वाट सोडली की १,७४२ कधीच भरत नाहीत, हे रोपवाटिकेत आगाऊ नोंदणी करताना बापाला कळतं.

यात पोर हुशार आहे का? नाही. बिचारं आहे का? तेही नाही. अडलंय, बस.

खापरावरचा मांडा

आणि हाच प्रसंग शाळेत का घडणार नाही?

काळी कसदार

घडेल की, पण पस्तीस मिनिटांच्या तासात ४९ आणि ३६ चं भांडण मिटत नाही. पुस्तकाच्या मागे एकच उत्तर छापलेलं असतं.

अक्राणीचे गुरुजी

आक्षेप. चांगला मास्तर मैदानावर चुन्याने गुंठा आखून हे दोन दिवस चालवतो. शाळेला दगड मारल्याशिवाय घरची गोष्ट सांगता येत नाही का?

काळी कसदार

मान्य, गुरुजी. ते ‘पुस्तकाच्या मागे’ मागे घेतो.

चोपडेकर

गंमत बघा, गिरणाकाठ म्हणाले तेच इथे झालं. आपणही चार प्रतिसादांत शाळेच्या दारात येऊन उभे राहिलो.

तापीकाठ

भरपूर मिळालं, आभार. पहिल्या प्रश्नाला ई. डी. आणि बेथ अशी दोनच नावं, मराठीतलं मूळ पुस्तक एकही नाही, हे नोंदवून ठेवते.

एक गाठ अजून सुटत नाही. शेवट कसा करायचा? शाळेत प्रवेश हा शेवट नको, परीक्षेचा निकाल नको. मग वाचकाला संपल्यासारखं वाटणार कशाने?

पानगळ

काम संपल्याने. बाग लागली, रोपं कमी पडली की उरली ते कळलं, गोष्ट संपली. किंवा तो ग्रंथपालबाईंना पहिल्यांदा खरं सांगतो आणि त्या नुसतं ‘बरं, कार्ड कर मग’ म्हणतात.

रेवा

मी उलट म्हणेन. तो पुढच्या वर्षी शाळेत जाऊ दे, पण शेवटच्या पानावर नको, मधेच. गेला, तीन महिने बसला, काही आवडलं, काही नाही, गोष्ट पुढे चालू. ‘आयडा बी’ (२००४) मध्ये आई आजारी पडल्यावर मुलीला शाळेत जावं लागतं आणि ती किती दिवस रागाने धुमसते ते बघा. शाळा तिथे बक्षीसही नाही आणि शिक्षाही नाही. ती तिसरी.

पानगळ

आई आजारी! म्हटलं होतं ना मी?

रेवा

:) हो, पण तिने ते नुसतं सोयीसाठी वापरलेलं नाही. वाचून मग भांडा.

मेहरूणची बोरं

एक शंका. नऊ वर्षांच्या वाचकाला ४३.५६ कसं कळेल? दशांश चिन्ह पाहून पान उलटेल तो.

काळी कसदार

मग ‘साडेत्रेचाळीस’ लिहा आणि पोराला विचारू द्या की अर्धं रोप कसं लावतात.

जिभाऊ यावल

अर्धं रोप नर्सरीवाला बराबर देस, पैसा मात्र पूर्रा लेस.